बाकी काही करू नये

आदरणीय दादा,

नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं. गेल्या महिन्यापासून कंबर वाकत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुम्ही भरून दिलेली माझी डावीकडची दाढ उत्तम आहे. तिच्या शेजारची पडली, पण ती तुम्ही भरली नव्हती, त्यामुळे तक्रार नाही. तुमच्या दवाखान्यात गर्दी असो असं लिहिणार होतो. पण दंतवैद्याला दिलेली ही शुभेच्छा बाकी गावाला शाप ठरते, म्हणून इतकंच लिहितो की आपण सर्व खुशाल असावं. मी खुशाल आहे.

पत्र लिहिण्याचं खास कारण नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण फोन सोडून माणूस कागद घेऊन बसला की घरचे आधी शेवटची ओळ वाचतात. तुमच्याकडे सध्या फोन ही, म्हणजे तुमची बहीणच, उचलते, माझा आवाज ऐकला की "दादाला देते" म्हणते आणि देते. म्हणून पत्र. वाचून झाल्यावर कृपा करून फाडून टाकावं. हिला दाखवू नये. हिला वाटेल मी काही मागतो आहे. मी काही मागत नाही. झाड तिचं आहे आणि मुदत येत्या रविवारी संपते, तेव्हा झाडाची हकिगत घरच्या वडीलधाऱ्याच्या कानावर असावी, एवढाच हेतू.

मुदतीबद्दल तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. जे सांगितलं असेल ते खरंच असेल. ती खोटं बोलत नाही, हा तिच्याबरोबर संसार करण्यातला मोठा त्रास आहे. तरी माझी बाजू अशी. मी एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात छटा तपासतो. मंजूर नमुन्याची पट्टी डाव्या हातात, नव्या बॅचची उजव्या हातात, दोन्ही दिव्याखाली धरायच्या, फरक दिसला की बॅच नापास. यात माणुसकीचा प्रश्न येत नाही. फरक दिसतो तो दिसतो. न दिसण्याची सोय माझ्या डोळ्यांत नाही. तर तुमच्या बहिणीने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्वयंपाकघराचं दार स्वतः रंगवलं. (त्याआधी केस खांद्यापर्यंत कापले. त्याच्याही आधी पोहण्याच्या क्लासला नाव घातलं. दोन्ही वेळी मी माझं मत एकेकदाच दिलं. ती म्हणते रोज दिलं. आमच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.) रंग तिने कारखान्यातून मागवला नाही, मला विचारला नाही. बाल्कनीतले उरलेसुरले तीन डबे उघडले, जुन्या डावाने ढवळले, प्रमाण कुठेही लिहून ठेवलं नाही आणि एक पिवळा तयार केला. आमच्या छटांच्या पुस्तकात सातशे वीस रंग आहेत. हा त्यांत नव्हता. मी दोनदा पाहिलं. मग पुढच्या रविवारी ती पोहायला गेलेली असताना मी दार दुरुस्त केलं. पुस्तकातला सर्वांत जवळचा पिवळा, दोन हात, एकही ओघळ नाही. काम बघण्यासारखं झालं होतं.

तिने ते बघितलं. ओल्या केसांनी दारासमोर उभी राहिली. ओरडली नाही. (ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं, ते तयार होतं.) आत जाऊन बॅग भरली, बाहेर आली आणि बाहेरच्या खोलीतल्या काळ्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाली,

"एवढ्या एकाला तरी दुरुस्त करू नका. सहा आठवड्यांनी येते. हे जसं आहे तसं दिसलं, तर बॅग उघडेन."

आणि तुमच्याकडे आली.

कुंडीखाली एक चिठ्ठी होती. तीन ओळी. पाणी: माती पूर्ण कोरडी झाल्यावरच. ऊन: थेट नको. तिसरी ओळ: बाकी काही करू नये. दादा, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा, ही काय सूचना झाली? आमच्याकडे असा कागद आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता. पाणी घालायचं ते किती आणि केव्हा, हे सांगता येतं. पण काही न करणं दिवसातून किती वेळा करायचं, सकाळी की संध्याकाळी, उभ्याने की बसून, याचा चिठ्ठीत उल्लेख नाही. पहिले दोन दिवस मी खुर्ची ओढून झाडासमोर बसलो आणि काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. ती तेव्हापासूनची.

झाड तुम्ही पाहिलेलं नाही. गुडघ्याएवढं आहे. मुळाशी बटाट्यासारख्या गाठी, त्यातून वर आलेले जाड देठ, देठाच्या दोन्ही अंगांनी पानं, आणि पानं काळी. हिरवट नव्हे, करडी नव्हे. पॉलिश केलेल्या बुटासारखी काळी. कुठल्यातरी उष्ण जंगलातलं आहे म्हणतात. आमच्या खोलीत ते सांत्वनाला आलेल्या पाहुण्यासारखं उभं असतं: बोलत नाही, जात नाही. पोहण्याचा क्लास सुरू झाला त्याच आठवड्यात हिने ते आणलं. मी तेव्हा विचारलं होतं की झाडच आणायचं तर हिरवं का नाही. त्यावर ती हसली होती. का हसली ते मला ती गेल्यावर पाच आठवड्यांनी, म्हणजे परवा कळलं. त्याकडे येतो.

"जसं आहे तसं" असं ती म्हणाली. म्हणजे मंजूर नमुना हवा. नमुन्याशिवाय सहा आठवड्यांनी कोण कशावरून ठरवणार? म्हणून दुसऱ्या सोमवारी मी झाड मांडीवर घेऊन बसने कारखान्यात गेलो. (बसमध्ये एका बाईंनी उठून जागा दिली आणि दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, बायको. त्या फार हळहळल्या. पुढचे चार थांबे मी खिडकीबाहेर बघत होतो.) फाटकावरच्या रखवालदाराने नोंद केली: काळे झाड, एक. आत दिव्याच्या पेटीत पान धरलं, पट्टीवर रंग उतरवला. तेव्हा लक्षात आलं की पान काळं नाहीच. फार गडद जांभळं आहे, आणि त्याच्या तळाशी हिरवा आहे. मी तसा अहवाल लिहिला, सहीनिशी: रंग काळा नाही. संध्याकाळी परत निघालो तर रखवालदार अहवाल वाचून म्हणाला की आत काळं झाड गेलं होतं. तुमच्याच सहीने हे काळं नाही. म्हणजे हे ते झाड नव्हे, बाहेर सोडता येणार नाही. मी त्याला समजावलं. त्याने मला माझी सही दाखवली. एकतीस वर्षांत मी तिथून चुकीचा एक डबा बाहेर जाऊ दिलेला नाही, आणि हे त्याला शिकवलं होतं मीच. मग झाड चार दिवस त्याच्या चौकीत राहिलं. शुक्रवारी मी अहवाल फिरवला (काळा आहे, पण गडद जांभळ्यासारखा), तेव्हा सुटलं. त्या चार दिवसांत रखवालदाराने उरलेला चहा त्याला घातला. साखरेचा. चिठ्ठीत चहाबद्दल काही नव्हतं.

घरी आणलं आणि आठवड्याभरात त्याने गुण उधळले. मातीतून दोन कोंब वर आले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी नर्सबाईंना बोलावून दाखवलेसुद्धा. (नर्सबाई म्हणजे समोरच्या दारच्या. इस्पितळात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या. रोज सकाळी येतात, मातीत बोट खुपसतात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि "पेशंट बरा आहे, नातेवाइकांना बाहेर काढा" म्हणतात. विनोद पहिल्या दिवशी चांगला होता.) पण कोंब उलगडले आणि पानं निघाली पोपटी. ओल्या लिंबाच्या सालीसारखी, कोवळी, चकाकणारी, नुसती बघितली तरी डोळ्यात जाणारी. मी मंजूर पट्टी शेजारी धरली. दादा, दोन्हींत काही नातंच नव्हतं. नऊ काळे देठ आणि मधोमध दोन पोपटी, म्हणजे सुतकाच्या घरात कुणी शीळ घालावी तसं. मला वाटलं रोग आहे. चहाचा परिणाम असावा. आणि ती म्हणाली होती, जसं आहे तसं. मी कात्री घेतली आणि दोन्ही कोंब मुळाशी कापले.

आमच्याकडे नापास नमुना फेकत नाहीत; लिफाफ्यात घालून, तारीख आणि कारण लिहून वर्षभर ठेवतात. मी तसंच केलं. लिफाफा पहिला: पोपटी, मेळ नाही. लिफाफा दुसरा: तेच. चौथ्या आठवड्यात तिसरा कोंब आला, तो उलगडायची वाट न बघताच कापला. लिफाफा तिसरा: प्रवृत्ती तीच दिसते. नर्सबाईंनी टेबलावर तीन लिफाफे ओळीने बघितले आणि विचारलं,

"हे काय भाऊ, शवागार?"

मी म्हटलं, गुणवत्ता. त्या म्हणाल्या, आमच्याकडे दोन्ही खाती वेगळी होती.

मधल्या काळात मी एक सुधारणाही केली, ती सांगायला हवी, नाहीतर वाटेल मी नुसता कापत होतो. चहामुळे म्हणा, प्रवासामुळे म्हणा, खालच्या एका पानाची चकाकी उतरली होती. मी त्यावर आमच्या कारखान्याच्या पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात दिला. पान असं उठून दिसायला लागलं की काय सांगू. आज अख्ख्या झाडात पट्टीशी शंभर टक्के जुळणारं पान ते एकच. तीन आठवड्यांत त्याचा रंग केसभर हललेला नाही. इतर पानं उजेडाप्रमाणे थोडी कमीजास्त दिसतात, कधी मान वळवतात, खिडकीकडे झुकतात. हे पान झुकत नाही. माणसानेही असं असावं असं मला एकदोनदा वाटून गेलं.

आता परवाचं. तिसऱ्या कोंबानंतर मला काळजी वाटायला लागली. मुदत जवळ आली होती आणि न जाणो, रविवारी सकाळीच चौथा उगवला तर? म्हणून लिफाफे खिशात घालून आणि झाड पुन्हा मांडीवर घेऊन (वेगळी बस, वेगळ्या बाई, या वेळी मी म्हटलं, कुणी गेलं नाही, माहेरी आहे) मी रोपवाटिकेत गेलो. तिथला माळी माझ्याच वयाचा आहे. विटांच्या ढिगावर बसून कुंड्यांना भोकं पाडत होता. मी त्याला रोग सांगितला, तारखा सांगितल्या, लिफाफे उघडून सुकलेले कोंब फळीवर ओळीने मांडले. त्याने एकेक कोंब उचलून उजेडात धरला. मग हात पुसून म्हणाला,

"साहेब, हा रोग नाही. याचं नवीन पान हिरवंच येतं. काळं व्हायला दोन-तीन महिने लागतात."

मी विचारलं, सगळी?

"सगळी. तुमच्या या कुंडीत एक पान काळं जन्मलेलं नाही."

मी झाडाकडे पाहिलं. नऊ देठ, पानं शंभराच्या वर. (एकशे बेचाळीस. मोजलेली आहेत.) सगळी कधीतरी पोपटी होती आणि सगळ्यांना कुणीतरी तसंच राहू दिलं होतं. दोन-तीन महिने कात्री न घेता. ते कोण, हे मी त्याला विचारलं नाही. मी विचारलं की आता उपाय काय. तो म्हणाला, उपाय कशाला? हे झाड मरत नाही. पाणी विसरा, जगतं. खत विसरा, जगतं. हे झाड विसरभोळ्या लोकांसाठीच असतं. याला मारायचं तर रोज लक्ष द्यावं लागतं, आणि तुम्ही तेच करताय. मग कुंडी उचलून माझ्या हातात दिली आणि वर म्हणाला, बाकी काही करू नका. (दादा, त्याने चिठ्ठी पाहिलेली नव्हती. हिने त्याला आधी गाठलं असेल का, असं क्षणभर मनात आलं. मग विचार केला की सहा आठवड्यांपूर्वी तिने माझ्याविरुद्ध एका माळ्याशी संगनमत करून ठेवलं असेल, तर तिचं माझ्यावर जितकं लक्ष आहे असं मी धरून चाललो होतो त्याहून ते जास्तच ठरेल. म्हणून तो संशय मी अजून पूर्ण सोडलेला नाही.)

तुम्ही दाताचे डॉक्टर. एखादा बाप पोराला घेऊन तुमच्याकडे आला आणि म्हणाला की याचे दुधाचे दात लहान दिसतात, मोठ्या दातांशी मेळ नाही, सगळे काढून लिफाफ्यात द्या, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? ते मला पत्राने कळवू नका. अंदाज आहे.

तर एकूण हकिगत अशी की झाड जिवंत आहे. पानं काळी आहेत. रविवारी कुणी येऊन बघितलं तर ते हुबेहूब तसंच दिसेल जसं ती ठेवून गेली होती. तीन लिफाफे मी काही दाखवणार नाही आणि झाड काही सांगणार नाही. तेव्हा शब्दाप्रमाणे बॅग उघडायला तिची हरकत नसावी. आली तर तिची मर्जी, न आली तरी तिची मर्जी. मी माझं करून खातो, कपडे वाळत घालतो, एकट्याने बसायची मला सवय झाली आहे. गुडघ्याला जपा. वहिनींना नमस्कार. हिला काहीच सांगू नका.

आपला,
झाडाचा तात्पुरता रखवालदार

ता. क. वॉर्निशच्या पानाबद्दल वर लिहिलं त्यात दुरुस्ती. काल नर्सबाईंनी त्याला हात लावला आणि ते टिचकीसरशी तुटून त्यांच्या हातात आलं. आतून कोरडं ठाक. त्यांच्या मते मरून निदान दोन-तीन आठवडे झाले असावेत. रंग म्हणून हललेला नव्हता. पानं आता एकशे एकेचाळीस.

ता. क. दुसरा. आज सकाळी चौथा कोंब आला. पोपटी. मी पुस्तक काढून पाहिलं. सातशे विसांत तो रंग नाही. कात्री नर्सबाईंकडे ठेवायला दिली आहे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे पहिल्या दिवसापासूनचे सगळे विनोद मी माफ केले. म्हणजे आता झाड तिने ठेवलं तसं दिसणार नाही, आणि रविवारी मी अटीत नापास. ही गोष्ट तिला आधी कळलेली बरी. तेव्हा पत्र फाडू नका. ती सकाळी चहाला बसते तिथे, कपाखाली ठेवा. कपाचा गोल डाग पडला तरी चालेल.

ता. क. तिसरा. खरं काम राहिलंच. दाराचा माझा रंग मी पॉलिशकागदाने उतरवला. त्याबरोबर खालचा तिचाही बराचसा निघाला. बिजागरीपाशी नखाएवढा शिल्लक आहे. तेवढ्यावरून तो पिवळा पुन्हा बनवायला बसलो. सतरा वेळा मिसळला. एकतीस वर्षांत माझ्या हातून न जुळलेली छटा ही पहिली. सतराव्या वेळची पट्टी सोबत जोडली आहे. तुम्हाला ती बरोबर वाटेल, तुमच्यावर विसंबून उपयोग नाही. हिला खिडकीत नेऊन दाखवा आणि विचारा, त्या तीन डब्यांतलं कशात किती घातलं होतं. प्रमाण तिच्या लक्षात नसणार हे मला माहीत आहे. तीनही डबे आणि डाव मी बाल्कनीत काढून ठेवले आहेत. मी कशालाही हात लावणार नाही.